नववी रेकॉर्ड

बाबांनी त्या दुपारी पाचव्यांदा नववी रेकॉर्ड लावली.

"पुन्हा तीच?" इस्त्री करता करता तिने विचारलं.

"परवा लेख द्यायचाय. या बँडला पन्नास वर्षं झाली." ते खिडकीपाशी गेले, परत आले. "ही नववी आली तेव्हा तिकडे इंग्लंडात सगळ्या समीक्षकांनी हिला धुऊन काढलं होतं. चार तारे फक्त मी दिले. संपादक म्हणतात, का दिले ते लिहा."

"मग लिहा की."

"काय लिहू, कप्पाळ? मला ही रटाळ वाटते."

ते खुर्चीत टेकले आणि लगेच उठले. सुई उचलून पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली.

"तेव्हा पेपरला नुसती यादी हवी होती. रेकॉर्डचं नाव, पुढे तारे. मी तापाने फणफणलेलो. स्वच्छ प्रत तूच काढलीस, आठवतं?"

"आठवतं. आठवीत होते."

"दहा वर्षांनी सगळ्यांना ती आवडायला लागली. म्हणाले, या माणसाचा कान बघा. तेव्हापासून मिरवतोय मी. आणि आता बघावं तर काही सापडतच नाही." त्यांनी कानावर टिचकी मारली. "गेले हे. कामातून गेले."

तिने इस्त्री उभी ठेवली.

"बाबा..."

"काय?" ते इतक्या आशेने वळले की तिच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले.

"आवाज वाढवू?"

"वाढव. तेवढंच राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

आठवड्याने संपादकांचा फोन आला. काही लिहून ठेवलंय का, बघता? तिने टेबलावरचा कागद उचलला. सगळ्या ओळी खोडलेल्या. खाली एकच ठेवलेली: 'आता माझ्या मतावर कुणी विसंबू नये.'

तिने रेकॉर्ड लावली. खुर्ची रिकामी होती, तरी ती तिच्याशेजारी जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी. तिसऱ्या गाण्यात ड्रम अचानक थांबले आणि गाणारा एकटा पडला. आठवीतही तिचा श्वास इथेच अडकला होता.

"तुमचे कान शाबूत होते, बाबा," ती खुर्चीकडे बघून म्हणाली. "तुम्ही एकच तारा दिला होता. उरलेले तीन प्रत काढताना मी वाढवले."