काळी वायर

विमानाचं चाक शेताच्या धुऱ्याला, मातीच्या बांधाला, अडलं आणि ते पलीकडच्या धानाच्या बांधीत नाकावर उभं राहिलं. भुपेंद्र कापलेल्या धानाच्या खुंटांवरून धावत सुटला.

"दादा," आतून लीलाधरनं हाक मारली.

दोघा भावांनी घरीच बांधलेलं ते विमान. दवनीवाड्याबाहेरच्या त्यांच्या शेतातून आज ते पहिल्यांदा जमीन सोडून वर गेलं होतं, मोहाच्या झाडाएवढं, आणि तिथूनच खाली आलं होतं. इंजिन मागे सरकून धाकट्याच्या पायावर बसलं होतं. त्याच्या मुठीत लाल हँडल होतं. असं काही झालं तर ते ओढायचं, म्हणजे बॅटरी सुटते आणि विमानातली सगळी वीज बंद होते. लीलाधरनं ते ओढलंही होतं. पण तार मध्येच तुटली होती आणि नुसतं हँडल हातात आलं होतं.

वीज बंद झालेली नाही, हे भुपेंद्रला दिसण्याआधी ऐकू आलं. इंजिन बंद पडलं होतं, तरी पेट्रोलचा पंप घूं घूं करत चालूच होता. नळी फाटली होती. पंप टाकीतलं पेट्रोल ओढत होता आणि लीलाधरच्या मांडीवर ओतत होता. कुठल्याही वायरीनं एक ठिणगी टाकली असती तर संपलंच होतं.

"दादा, पाय फसला. दादा."

भुपेंद्र त्याच्या बाजूनं निघून गेला. इतक्या जवळून, की लीलाधरनं लांबवलेली बोटं त्याच्या सदऱ्याला घासली.

बॅटरी सीटच्या मागे, शेपटाकडे होती. वजन जुळावं म्हणून दोघांनी विचार करूनच ती तिथे बसवली होती. भुपेंद्रनं वरचं कापड फाडलं, खिशातली पक्कड काढली. आधी लाल वायर तोडायला गेलं आणि पक्कड सांगाड्याच्या लोखंडी पाइपला टेकली, तर ठिणगी तिथेच पडणार. म्हणून आधी काळी. मागून हाका येतच होत्या. त्यानं दात आवळले, काळी वायर चिमटीत धरली आणि तोडली.

पंप गप्प झाला.

मग तो पुढे आला. धुऱ्यावरून विमान बघणारी माणसं तोवर पोहोचली होती. सगळ्यांनी मिळून इंजिन उचललं आणि लीलाधरला बाहेर काढलं.

शेजारचा छोटेलाल विमान उडताना मोबाइलवर काढायला आला होता. त्यानं पडतानाचंही काढलं, नंतरचंही काढलं. लीलाधर गोंदियाच्या दवाखान्यात पोहोचायच्या आत तो व्हिडिओ गावभर फिरला. त्यात पेट्रोल दिसत नव्हतं, पंप ऐकू येत नव्हता. धाकटा हात लांबवून हाका मारतोय आणि थोरला त्याला ओलांडून शेपटाकडे पळतोय, एवढंच दिसत होतं.

"भाऊ मरून राहिला होता अन् हा बॅटरी वाचवून राहिला होता," पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं. "महाग रायते म्हन्तात विमानाची बॅटरी."

भुपेंद्रनं सुरुवातीला समजावून पाहिलं. लोक मान हलवत आणि तो वळला की पुन्हा मोबाइल उघडत. मग त्यानं सांगणं सोडून दिलं. लीलाधर घरी आला की तोच सांगेल, असं त्यानं ठरवलं. त्या विमानातली वायर न् वायर लीलाधरनंच ओढली होती.

लीलाधर घरी आला तेव्हा त्याच्या मांडीपासून घोट्यापर्यंत सळ्या होत्या. घरापुढच्या छपरीत खाट टाकली. भेटायला माणसं जमली. छोटेलालही आला, आणि कोणीतरी म्हटलं म्हणून त्यानं तो व्हिडिओ पुन्हा लावला. मोबाइलमधून बारीक आवाज येऊ लागला. दादा. दादा.

लीलाधरची बायको मंजू दारात उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, कधी समोरासमोर बोलली नव्हती. आज तिनं डोक्यावरचा पदर सावरलाही नाही.

"कायले गेले तुमी तिकडं?" तिनं विचारलं. "जीव मोठा का मशीन मोठी?"

भुपेंद्र खाटेकडे पाहत राहिला.

लीलाधरनं छोटेलालच्या हातातला मोबाइल घेऊन बंद केला.

"बॅटरी तोडनंच बरोबर होतं," तो म्हणाला. "पंप चालू होता. दादानं पयले मले ओढलं असतं, तं दोघंबी जळून गेलो असतो."

भुपेंद्रच्या छातीवरचं ओझं उतरलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं मान वर करून मंजूकडे, छोटेलालकडे, सगळ्यांकडे पाहिलं. छोटेलाल चपला शोधू लागला.

"पन दादा," लीलाधर म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "मी हाक मारून राहिलो होतो नं. तू एक डाव माह्याकडं पायलं बी नाई."

भुपेंद्रनं तोंड उघडलं. तुझ्याकडे पाहिलं असतं तर बॅटरीकडे जायला माझा पाय उचललाच नसता, हे त्याला सांगायचं होतं. इतक्या माणसांत ते शब्द तोंडातून निघेनात, आणि तोवर वेळ निघून गेली.

लीलाधरला उठायचं होतं. त्यानं कुबडी काखेत घेतली, एक पाय खाली टेकवला आणि झोक गेला. भुपेंद्र झटकन पुढे झाला, त्यानं हात दिला.

लीलाधरनं छपरीचा खांब धरला. तो नीट उभा राहीपर्यंत भुपेंद्रचा हात तसाच पुढे होता.