वेळ सांगता येत नाही

टंकबाईंनी तोंडही उघडलं नव्हतं, तोवर पडद्यावर त्यांची साक्ष सुरू झाली होती.

'मी आरोपीची सख्खी मावशी. वय एकाहत्तर. आरोपीला मी लहानाचा मोठा केला.'

सगळं खरं होतं. पण बाई अजून साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा धरून नुसत्या उभ्या होत्या.

"साहेब, मी अजून काही बोललेच नाही."

"यंत्र जरा पुढे धावतं," न्यायाधीश म्हणाले. माणूस सज्जन होता, दमलेला होता. "चुकलं तर सांगा, थांबवू. दोन वर्षांत कुणीही थांबवलेलं नाही."

ते बाईंनी मघाशी बाकावर बसून पाहिलंच होतं. त्यांच्या आधी एक ट्रकवाला साक्षीला उभा राहिला होता. तो अडखळला की पडद्यावर त्याचं पुढचं वाक्य यायचं, छान नीटनेटकं. तो ते वाचायचा आणि धडा म्हटल्यासारखा बोलून टाकायचा.

पडद्याखाली एक खुर्ची होती. रिकामी. तिच्या बाजूने टाइपरायटरची टकटक येत होती. लोकांना सवय असते म्हणून तो आवाज ठेवला होता म्हणे. त्या टकटकीत उजव्या करंगळीची अक्षरं किंचित मागे पडत होती, बाईंची पडायची तशीच. बाईंनी नकळत आपली करंगळी मुठीत घेतली.

याच खुर्चीत बसून त्यांनी एकतीस वर्षं साक्षी टाइप केल्या होत्या. नाव त्यावरूनच पडलं. खाडाखोड नाही, पाल्हाळ नाही. 'कागद असावा तर टंकबाईंचा,' असं जुने साहेब म्हणायचे. यंत्राला शिकवायला तेच कागद दिले. यंत्र बसवलं त्या दिवशी बाईंना मुद्दाम बोलावून सांगितलं होतं, "बाई, तुम्ही आता कुठे जात नाही. इथेच राहिलात." तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

समोर भाचा उभा होता. गोदामाच्या रखवालदाराच्या डोक्यात कुणीतरी पहार घातली होती. माणूस गेला. वेळ संध्याकाळी साडेसातची. त्या वेळी भाचा मावशीच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होता. घरात तिसरं माणूस नव्हतं. पोराचं सगळं आयुष्य आता मावशीच्या शब्दावर लटकलं होतं.

"तेव्हा किती वाजले होते, आजी?" सरकारी वकिलाने विचारलं.

"समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं होतं. शटर अजून पडायचं होतं."

"मग त्या मशीनलाच साक्षीला बोलवू या का?" लोक हसले. "घरात घड्याळ नाही?"

"आहे की. पण चष्मा याच्या हातात होता. मला घड्याळ दिसणार कसं?"

आता लोक वकिलाला हसले. बाईंना धीर आला. शिंपी सव्वासातला मशीन थांबवतो, दुकान झाडतो आणि पावणेआठला शटर ओढतो, वीस वर्षांत त्यात पाच मिनिटांचा फरक नाही, हे सांगायला त्यांनी श्वास घेतला.

टकटक झाली.

'साक्षीदारास वेळ नक्की सांगता येत नाही.'

"हे खोडा," बाई म्हणाल्या. "मी सांगते आहे ना वेळ!"

न्यायाधीशांनी यंत्राला कारण विचारलं. पडद्यावर ओळी आल्या. 'शिकवलेल्या कागदांत वेळ विचारलेल्या वयस्क स्त्रिया, चारशे बारा. सर्व ठिकाणी हीच नोंद. हरकत, एकही नाही.'

"चारशे बाराजणी, बाई. एकीनेही हरकत घेतली नाही. मी तरी काय करू?"

बाई त्या वाक्याकडे बघत राहिल्या. ते कुठून आलं हे त्यांना विचारायची गरज नव्हती. म्हाताऱ्या बाया यायच्या. दूध उतू गेलं तेव्हा, शाळा सुटली तेव्हा, असं लांबण लावायच्या. बाहेर रांग वाढायची, साहेब घड्याळ बघायचे. मग बाई एक वाक्य टाइप करून मोकळ्या व्हायच्या. त्या बाया अंगठा उठवायच्या. वाचता येत नव्हतं, हरकत कशी घेणार?

"मावशी, राहू दे," भाचा हळूच म्हणाला. "तुला त्रास होईल."

"तू गप रे." बाईंनी कठडा घट्ट धरला. "साहेब, ते चारशे बारा कागद माझे आहेत. त्या बायकांनी वेळ सांगितली होती. मी लिहिली नाही."

वकिलाने हातातले कागद टेबलावर ठेवले.

"बाई," न्यायाधीश खूप हळू बोलले, "त्या कागदांवर माणसांना शिक्षा झाल्या आहेत. आपण काय बोलतो आहोत, कळतंय ना?"

"कळतंय."

टकटक थांबली होती. पडदा कोरा होता, पहिल्यांदाच. रिकाम्या खुर्चीत कुणीतरी बोटं वर धरून कान देऊन बसावं, तशी शांतता पसरली. यंत्राला पुढचं वाक्य ठाऊक नव्हतं.

"एक इस्त्रीवाली होती," बाई म्हणाल्या, आणि एकेक अक्षर त्यांच्या मागून पडद्यावर उमटू लागलं. "मुलाला सोडवायला आली होती. म्हणाली, पहिली बस गेली होती आणि नळाला पाणी यायचं होतं. सगळे हसले. साहेब, मी तिच्याच गल्लीत राहत होते. मला वेळ कळली होती. पावणेसात."