दिल्लीच्या बाईचा निवाडा

“वाईट. लय वाईट बाई होती ती,” कुसुमबाई म्हणाल्या आणि राजनंदिनीच्या हातातल्या मोबाइलकडं बोट केलं. “हे आलं का त्यात?”

आलं होतं. राजनंदिनीला गंगाखेडच्या कॉलेजात काम दिलं होतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, कोणता पंतप्रधान चांगला वाटला, कोणता वाईट, आणि का. तिनं सुरुवात घरातूनच केली. ओसरीवर तिच्या दोन आज्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सख्खी आजी सुमनबाई, आणि सुमनबाईंची थोरली जाऊ कुसुमबाई.

“आन् आजी, तुला कशी वाटली ती?”

“चांगली होती,” सुमनबाई मान वर न करता म्हणाल्या.

कुसुमबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. उभा जन्म ह्या एका शब्दानं त्यांना जाळलं होतं. आणीबाणीच्या साली त्यांचं लग्न नवं होतं. मालक सूर्यभान कासरा आणायला पालमच्या बाजारात गेले आणि तिसऱ्या दिवशी वाकून चालत घरी आले. जीपवाल्यांनी धरून नेलं, नसबंदी केली, एवढंच बोलले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या दिराचं, दत्ताचं लग्न झालं. सुमन घरात आली आणि वर्षाच्या आत तिच्या पोरासाठी आढ्याला झोळी बांधली गेली.

झोळी मग बरीच वर्षं सुटलीच नाही. दर बारशाला कुसुमबाईंचं डोकं दुखायचं. सुमननं लेकरू मांडीवर दिलं की त्या हातातलं काम दाखवून ते परत करायच्या, आणि नंतर लुगड्याला लागलेला दुधाचा वास कुणी बघत नाही असं पाहून हुंगायच्या. पोरांनी छळलं म्हणून सुमन कुरकुरली, तर त्या कुरकुरीचासुद्धा त्यांना हेवा वाटायचा. मालक गेले तेव्हा सुमनच्या पोरांनीच खांदा दिला. तेव्हाही दुःखाच्या आत कुठंतरी ते सलत राहिलं. आणि ही सुमन त्याच बाईला चांगली म्हणत होती.

“चांगली का गं, आजी?” राजनंदिनीनं विचारलं.

“गरिबाकडं बघितलं तिनं.”

“मागच्या इलेक्शनला म्हनत हुतीस, बाईमाणूस असून राज्य केलं म्हणून चांगली,” कुसुमबाई म्हणाल्या. “दर बारीला नवं कारण. खरं सांग की पोरीला. तुझं काय गेलं? माझ्या मालकाला जनावरावानी धरून नेलं. तुझा नवरा घरी हुता. तुला ती चांगलीच वाटणार.”

सुमनबाईंनी सूप बाजूला सारलं. “नंदे, जा, चहा ठेव,” त्या म्हणाल्या. पोरगी आत गेल्यावर त्या कुसुमबाईंकडं वळल्या.

“आक्का, ते घरी नव्हते. त्या दिवशी जीपमधी त्यांनाच बसवलं हुतं.”

कुसुमबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

“हे शेतातून परस्पर भावजींच्या संगं बाजारला गेले हुते, घरी कुणाला ठाव नव्हतं. आमची सुपारी फुटलेली. भावजी जीपच्या आडवे झाले. म्हनले, ह्याचं लगीन व्हायचंय, ह्याला सोडा, मला न्या. त्यांना काय, माणसाशी मतलब. ह्यांना उतरवलं आन् भावजींना घेतलं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“ह्यांनीच. थोरला झाला त्या दिवशी, रडत रडत. भावजींनी शपथ घातली हुती त्यांना. म्हनले, कुसुम मला माफ करील, पण तुझ्या बायकोला ह्या घरात सुखानं जगू द्यायची न्हाई.”

कुसुमबाईंना वाटलं, आता आपण ओरडू. पण आतून आला तो हेवाच, आणि तो ओळखीचा नव्हता. लेकरांचा नव्हता. आपल्या नवऱ्यानं जन्मात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट सुमनला ठाऊक होती. इतकी वर्षं ती त्याला जेवायला वाढत होती, डोक्यावरचा पदर सावरत होती, आणि तिला ठाऊक होतं. आपल्याला नव्हतं. आणि मालक आपल्याबद्दल बोलले ते खोटंही नव्हतं. सुमनला आपण खरंच जगू दिलं नसतं.

“मग त्या बाईला चांगली कशापायी म्हनतीस?” त्यांचा आवाज फाटला होता.

सुमनबाईंनी बाजूला सारलेलं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“तिच्या जीपनं तुमचं नेलं आन् माझं ठेवलं. तिला वाईट म्हणलं तर माझी लेकरं तुमच्याकडून चोरल्यावानी हुतेत, आक्का. मग मी त्यांच्याकडं कसं बघू?”

आतून कपांचा आवाज आला. राजनंदिनी चहा घेऊन बाहेर आली, दोघींपुढं कप ठेवले आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं.

“मोठी आजी, तुझं कारण सांग.”

“बाजारातून माणसं धरून नेली. ते वाईटच हुतं. माझं ते बदलू नको,” कुसुमबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुमनबाईंचा कप उचलून त्यांच्या हातात दिला. “आन् तुझी आजी चांगली म्हनती, ते बी तसंच ऱ्हाऊ दे.”

राजनंदिनी चकित झाली. ह्या विषयावर मोठ्या आजीनं आजीचा शब्द राहू दिलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

“पण आजीनं धड कारणच न्हाई सांगितलं. तिचं काय लिहू?”

कुसुमबाईंनी तिच्याकडं पाहिलं. कपाळ सुमनचं होतं, हनुवटी दत्ताची.

“तुझंच नाव लिही,” त्या म्हणाल्या.