काचेवरचा ठेका

या, असं जवळ या. मागच्या मंडळींनीही पुढं सरकावं. वाइनचं नाव काढणार आहे, म्हणून कानांवर हात ठेवून उठू नका. गोष्ट आपल्या कीर्तनातलीच आहे, घडली मात्र समुद्रावर.

मोठ्या क्रूझ जहाजावरचं छोटंसं, महागडं रेस्टॉरंट. लांब टेबलाभोवती परदेशी पाहुणे. एकेक पदार्थ यायचा, त्याच्या जोडीला एकेक वाइन. या पदार्थाला हीच वाइन का, ते एकानं उभं राहून रंगवून सांगायचं, मगच पाहुण्यांनी घोट घ्यायचा. ते सांगायला आज निपाणीचा साईराज उभा होता. पहिल्यांदाच. मॅनेजरनं दुपारी बजावलं होतं, "जमलं तर ही जागा तुझी. अडखळलास तर पुन्हा खाली, भांडी धुवायला."

दोन वाइन कशाबशा पार पडल्या. साईराज पडद्यामागं आला आणि भिंतीला टेकला. तिथं रवळू उष्ट्या बशा रचत होता. खानापूरकडचा, वयानं मोठा.

"अण्णा, हात बघ कसं कापायलेत."

"कापू देत की. बाटली हलली तर समुद्रानं हलवली म्हणतील."

"चेष्टा नको रं. त्यो मॅनेजर डोळा मिटंना झालाय."

"तुझा आप्पा गावोगाव कीर्तनाला हुबा ऱ्हातोय, आन् तू ह्या धा-बारा टाळक्यांना भितोस व्हय? चल बुवा, मटण निवायलंय." रवळूनं त्याची कॉलर सरळ केली आणि त्याला बाहेर ढकललं.

मटणाच्या बशा मांडून झाल्या. लाल वाइन ओतून झाली. सगळ्यांनी माना वर केल्या. साईराजनं तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही.

सगळं पाठ होतं. सकाळी आंघोळ करतानासुद्धा म्हटलं होतं. आता एक शब्द नाही. कानांत नुसता जहाजाच्या इंजिनाचा घरघराट. एक म्हातारी बाई हसली, मग तिनं ओशाळून बशीत बघितलं. कुणीतरी खाकरलं. कोपऱ्यातल्या मॅनेजरनं हाताची घडी सोडली.

टिंग.

सगळे वळले. रवळूनं हातातला ट्रे बाजूला ठेवला होता आणि चमच्यानं रिकाम्या ग्लासवर टिचकी मारली होती. त्या लोकांत ग्लास वाजवला की कुणीतरी शुभेच्छा देणार असं समजतात. पाहुण्यांनी हसत ग्लास उंचावले.

पण रवळू एका टिचकीवर थांबला नाही. त्यानं ठेका धरला. टिंग टिंग, टिंगटिंग, टिंग. आपला भजनी ठेका, संथ. एका टकल्या पाहुण्यानं टेबलावर थाप दिली. म्हातारी बोटं वाजवू लागली.

तुम्हांला सांगायला नको. बुवा अडकला की मृदंग पुढं होतो, टाळकरी धृपद उचलून धरतात. बुवा तेवढ्यात घोटभर पाणी पितो, आणि तो अडकला होता हे श्रोत्यांना कळतसुद्धा नाही. पण तिथं पाहुण्यांसमोर वेटरच्या हातून काच वाजणं हा गुन्हा. रवळूला ते ठाऊक होतं. तरी त्याचा चमचा थांबला नाही.

साईराजचा श्वास सुटला. पाठ केलेलं काही आठवलं नाही, पण तोंड उघडलं.

"माझं गाव तंबाखूचं," तो इंग्रजीत म्हणाला. "सकाळी वखारीचं दार उघडलं की आधी गोड वास येतो, मग तोच घशाला झोंबतो. या वाइनमध्ये तो वास आहे. आधी हुंगा. मग मटण. मग घोट."

सगळी नाकं ग्लासांत गेली. "अरे, खरंच!" टकल्या पाहुणा ओरडला. कुणी टाळ्या वाजवल्या. ठेका केव्हाच थांबला होता.

मॅनेजर भिंतीच्या कडेकडेनं रवळूपाशी गेला. नुसतं एक बोट वाकवलं. रवळूनं चमचा पुसून ठेवला आणि त्याच्यामागं निघाला. साईराजच्या जवळून जाताना तोंडातल्या तोंडात म्हणाला, "थांबू नगंस, बुवा. धर म्होरं."

दार मिटलं. साईराजनं एकेका ग्लासात घोटभर वाइन आणखी ओतली. थोड्या वेळानं मॅनेजर परत आला. एकटाच. मटणाच्या बशा उचलायला दुसराच माणूस पुढं झाला.

म्हातारीनं इकडंतिकडं बघितलं. "तो वाजवणारा कुठं गेला?"

"त्याचं काम संपलं, मॅडम," मॅनेजर हसून म्हणाला आणि त्यानं साईराजकडं बघितलं.

साईराजनं तोंड उघडलं. आता शब्द होते. सगळे होते. दारापलीकडं खाली जाणाऱ्या जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजत होती.

"पुढची वाइन," तो म्हणाला, "जरा गोड आहे."

मंडळी, कीर्तन संपलं की बुवांच्या पाया पडायला गर्दी होते. पडा, जरूर पडा. पण वाकाल तेव्हा रवळूला एकदा आठवा.