गाडी दुसऱ्याच्या हाती

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दोन मिनिटांत बागेच्या पार दुसऱ्या टोकाला पोचला. मागे वळून बघतो तर बाकीची मंडळी अजून पहिल्याच झाडाशी.

त्याची बायको चपला हातात धरून गवतावर एकेक पाऊल टाकत होती. 'शंभर पावलं, अर्धा तास,' एवढंच हळू चालायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. निवृत्त होऊन पंधरा दिवस झाले, पण त्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हणून बायकोने त्याला इथे ओढून आणलं होतं.

"मी पोचलो!" तो तिथूनच ओरडला.

"कुठे पोचायचं होतं, काका?" बाईंनी विचारलं.

तो परत आला.

"आता एक झाड निवडा आणि त्याच्यापाशी थांबा. काही करायचं नाही."

"काही करायचं नाही म्हणजे काय करायचं?"

"अहो, तेच करा," बायको हसून म्हणाली.

त्याने सगळ्यांत जाड बुंध्याचं झाड धरलं. काळी, भेगाळलेली साल हाताला गार लागली. उभं राहून पाय भरून आले तसा तो खाली बसला, मग सरळ आडवाच झाला. बायको शेजारी टेकली.

वर फांद्याच फांद्या, आणि त्यांच्यामधून आभाळ. ढग सरकत होते. बघता बघता ढग थांबले आणि झाडच चालायला लागलं; झाडाखालचा तोही. अगदी सावकाश, एकही गचका न बसता. गाडी दुसरंच कुणीतरी चालवत होतं.

"ऐक गं," तो हळूच म्हणाला, "घरातून उचलून गाडीत ठेवेपर्यंत त्यांना एवढंच दिसत असेल ना, वरचं?"

"कुणाला?"

"गाडीतल्या मागच्या पेशंटना. तेवढंही मी बघू दिलं नाही. चला, चला, उचला लवकर, म्हणून ओरडायचो."

बायकोने त्याचा हात हातात घेतला. "लवकर नेलंत म्हणून तर कितीजण घरी परत आले."

तिने वाकून पाहिलं, तर त्याचे डोळे मिटले होते. फक्त उजवं पाऊल तेवढं पुढे ताणलेलं, काहीतरी दाबून धरल्यासारखं.

तिने त्याच्या बुटाची नाडी सोडली. जरा वेळाने त्याचं बारीक घोरणं सुरू झालं आणि ते पाऊल अलगद बाहेरच्या बाजूला कलंडलं.