स्टाफ नावाचे सर

“आणि हा स्टाफ कोण?” विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत व्हिटलॉकबाईंनी गुणपत्रिकेवर पेन टेकवलं. “मेकॅनिक्स, शिक्षक: स्टाफ. ना नाव, ना गाव. कोणी शिकवलं तुला? शिपायानं?”

अरासेली सेपेडाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात, जिथे दोन वर्षं करून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाता येई, निम्म्या विषयांपुढे हेच छापलेलं असायचं. अर्धवेळ मास्तरांचं नाव छापायच्या भानगडीत कोणी पडत नसे. पुढच्या सत्राला तोच माणूस येईल याचा भरवसा कुठे होता? मेकॅनिक्सचे काझारियन सर तर चाळीस मैल गाडी हाकत यायचे. कॉलेजात त्यांना बसायला खोलीच नव्हती. पेपरांचे खोके डिकीत असायचे, आणि वर्ग सुटला की मुलांच्या शंका गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून सुटायच्या. इतर दिवशी ते कुठे असतात हे कोणी विचारलं नव्हतं. अरासेलीनंही नाही.

ती नाव सांगणार होती, पण बाई नावं ऐकायला बसल्याच नव्हत्या.

“हे बघ, तुला प्रवेश दिला तो कागद तपासायच्या अटीवर. हा विषय आम्ही धरत नाही. म्हणजे तिसऱ्या वर्षात तुला बसता येत नाही. विषय पुन्हा कर आणि पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज भर. शेवटी दर्जाचा प्रश्न आहे, बाळ.”

बाळ! सत्तावीस वर्षांची होती अरासेली. त्यातले सहा उन्हाळे तिनं पीचच्या पॅकिंग शेडमध्ये उभ्यानं काढले होते. मागच्याच आठवड्यात शेडचा मुकादम रिगो तिला म्हणाला होता, “जागा ठेवू का तुझी? तिकडून परत पाठवलंन् तर?” तिनं हातमोजे काढून त्याच्या टेबलावर टाकले होते. “द्या कोणालाही. मी काही परत येत नाही.” दुसऱ्या दिवशी तिच्या जागी रिगोची भाची उभी राहिली. आता शेडही नाही आणि विद्यापीठही नाही.

तिला रडू येत होतं, आणि त्या रडूचाच तिला संताप येत होता. तिच्या आईनं अशा टेबलांसमोर पर्स पोटाशी धरून जन्मभर ‘बरं मॅडम, बरं मॅडम’ केलं होतं. अरासेलीनं खुर्ची पुढे ओढली.

“मी उठणार नाही. मला विचारा.”

“काय विचारू?”

“मेकॅनिक्स. तुमच्याकडे ते जे कोणी शिकवतात त्यांना बोलवा. पाहिजे ते विचारू देत. एक उत्तर चुकलं तर माझी मी निघून जाईन.”

व्हिटलॉकबाई हसल्या. पोरगी तोंडावर आपटेल आणि आपली सुटका होईल असा त्यांचा हिशेब असावा. त्यांनी फोन उचलला. “मेकॅनिक्सवाले सध्या कोण आहेत? असतील तर द्या पाठवून. पाच मिनिटांचं काम आहे.” मग विद्यापीठाचं वेळापत्रक तिच्यापुढे सरकवलं. “तोवर हे वाच. इथे काय शिकवतात ते तरी कळेल.”

अरासेलीनं रांगेवरून बोट फिरवलं. मेकॅनिक्स. सोमवार, बुधवार. शिक्षक: स्टाफ.

ती काही बोलणार तोच दार उघडलं. कोटाच्या बाहीला खडूची पूड, हातात पोचे आलेला चहाचा थर्मास. काझारियन सर दारातच थबकले.

“अरासेली? अगं, तुझी पट्टी माझ्या गाडीतच राहिली. महिनाभर घेऊन हिंडतोय मी ती.”

“तुम्ही ओळखता हिला?” बाईंनी विचारलं.

सरांनी थर्मासचं झाकण उगाचच घट्ट केलं. इथेही त्यांचं नाव छापत नाहीत, म्हणजे इथेही त्यांची नोकरी सत्रापुरतीच, हे अरासेलीला एका क्षणात कळलं. एखादा धोरणी माणूस म्हणाला असता, पाहिल्यासारखं वाटतंय कुठेतरी. तिनं मान खाली घातली. तसं म्हणाले असते तरी तिनं त्यांना दोष दिला नसता.

सरांनी थर्मास टेबलाच्या मधोमध, तिच्या गुणपत्रिकेवरच ठेवला.

“ओळखतो म्हणजे? मीच शिकवलंय हिला. सोमवार-बुधवार इथे, मंगळवार-गुरुवार तिकडे. टिपणं तीच, पेपरही तोच. दोन्हीकडची मुलं धरून हिला सर्वांत जास्त गुण पडले.”

बाईंनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. “तरीसुद्धा... त्या कॉलेजचा एकूण दर्जा...”

अरासेली उठून उभी राहिली. थर्मासखालची गुणपत्रिका ओढून तिनं वेळापत्रकाशेजारी ठेवली आणि दोन्ही ‘स्टाफ’वर एकेक बोट टेकवलं.

“बाई, सर बुधवारी इथून निघतात आणि गुरुवारी आमच्याकडे पोचतात. मधल्या चाळीस मैलांत त्यांचा दर्जा नेमका कुठे सांडतो, ती जागा मला दाखवा. मी आत्ता जाऊन भरून आणते.”