डाव्या पायाची कबर

"माझा पाय तिथून हलवायचा नाही, फादर," युस्टेस खुर्चीतूनच म्हणाला.

फादरांनी रुमालाने मान पुसली. बोरिवलीच्या खाडीकडल्या त्या वाडीत कबरींवरून वाद नवे नव्हते. सिमेटरी लहान, मरणारे भरपूर. काही वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि जागा पुढच्याला द्यायची, अशी रीत. पण मालक ओट्यावर चहा पीत बसलाय आणि पाय कबरीत, अशी कबर एकच.

एकसष्ट साली बर्फाच्या कारखान्यात लादी पडून युस्टेसचा डावा पाय चेचला. गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्या आल्या त्याने आधी पाय मागितला, मग पाणी. सागवानी पेटी करवली, पायात मोजा आणि बूट चढवला आणि रीतसर माती दिली. बूट ईस्टरसाठी घेतलेला, एकदाही न घातलेला.

"बूट कशाला रे वाया घालवतोस?" बायको डोरोथी तेव्हा म्हणाली होती.

"शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की सगळे उठणार. मी काय एक पाय अनवाणी घेऊन उठू?"

तेव्हापासून तो ओट्यावर बसून होता. कुबड्या दाराआड कोळिष्टकांत. लाकडी पायाचं नावही काढायचं नाही. "तो लावून मेलो आणि उठताना देवानं त्यालाच पालवी फोडली तर?" उजव्या पायात मात्र जोडीतला दुसरा बूट रोज असायचा. पूर्वी त्याच्या बुटांच्या टाचा कायम बाहेरच्या बाजूने खाल्लेल्या असत. फेंगडं चालायची खोडच होती. आता चालणंच नव्हतं. बूट दुकानातल्यासारखा चकचकीत.

गेलेला पाय मात्र दुखायचा. संध्याकाळ झाली की पोटरी भरून यायची. कधी टाचेखाली खडा टोचायचा.

"बसून बसून कुणाचे पाय दुखतात रे?" डोरोथी म्हणायची.

डॉक्टर म्हणाले, पाय गेल्याचं मेंदूला अजून कळलेलं नाही.

"मग सांगू नका," युस्टेस म्हणाला. "वाईट वाटेल त्याला."

आता फादर समजावत होते. "अरे, प्रभू नवं शरीर देणार आहे. तेजस्वी."

"नवं नको, फादर. माझंच द्या. सवयीचं आहे." मग त्याचा आवाज खाली आला. "कोनाड्यात कुणाकुणाच्या हाडांत मिसळलं तर मी शोधू कुठे? तुतारी वाजल्यावर?"

फादरांना हसू आलं नाही. "पेटी तशीच वेगळी ठेवू. तू गेलास की तुझ्याच शवपेटीत घालू. शब्द देतो. पण उद्या येऊन ओळख पटव. कबरी खणणारा तो बेसिल घाईत कुणाचंही काढून देईल."

सकाळी युस्टेस उठला तो पाय झाडत.

"डोरोथी, पाय ओला झालाय. चिखलात गेल्यासारखा गार."

"कुठला?"

"डावा."

"पुसून घे," चहा गाळता गाळता ती म्हणाली.

कुबड्या झाडून, तिच्या खांद्याचा आधार घेत तो इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ओट्याखाली उतरला. सिमेटरीत पोचेपर्यंत काखा सोलवटल्या. चैत्राच्या उन्हाने माती विटेसारखी झाली होती. कबरीवरचं वाळकं गवत जसंच्या तसं होतं. बेसिलच्या कुदळीतून ठिणग्या उडत होत्या.

"हात नाय लागला कुणाचा इकडे," बेसिल धापा टाकत म्हणाला. "बघा ना, दगड झालाय नुसता."

पेटी वर आली. चारी खिळे गंजून जागच्या जागी.

"आत असेल ना रे?" युस्टेसने विचारलं.

"जाणार कुठे, अंकल?"

झाकण निघालं. मोजा कुजला होता, हाडं पांढरी, बुटात नीट बसलेली. युस्टेसने छातीवर क्रूस काढला. "आहे. माझाच आहे." डोरोथीने डोळे पुसले.

बेसिलने बूट उलटा केला. "अंकल, नवा बूट बोलला होतात ना?"

तळ झिजून भोक पडलं होतं. टाच बाहेरच्या बाजूने पार खाल्लेली.

युस्टेसने आपल्या उजव्या बुटाकडे पाहिलं. त्यात त्याचा चेहरा दिसत होता. मग वाकून त्याने डाव्याच्या तळाला बोट लावलं. खाडीचा काळा चिखल होता.

ओला.